चौदा महिन्यांची रिकामी जागा

३ मार्च, मंगळवार

परवाना कार्यालयाचं पत्र आलं! सतरा तारखेच्या आत सगळ्या प्रशिक्षकांची ‘व्यावसायिक पार्श्वभूमी’ पाठवा, नाहीतर प्रशिक्षणाची मान्यता संपली. कलम चार – तीन महिन्यांहून मोठा खंड असेल तर कारण द्या. कलम सात – ज्याच्या चुकीने अपघात झाला असा माणूस प्रशिक्षक असू नये. एकेक वाक्य एवढं लांब की कर्ता निघाला तेव्हा सकाळ होती, क्रियापद भेटेपर्यंत जेवणाची सुट्टी.

आमचं कार्यालय साडेतीन माणसांचं. सर, बाईसाहेब, मी, आणि एक दिवसाआड येणारा मीटर दुरुस्तीवाला. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्यांनी धडधाकट घरी कसं जावं, याचा आम्ही सल्ला देतो आणि ते शिकवतो. म्हणजे सर आणि बाईसाहेब शिकवतात, मी पत्रं लिहिते. एम.ए. संस्कृत, प्रथम श्रेणी. सतरा वर्षांपूर्वी सरांनी माझा अर्ज वाचला आणि म्हणाले, “चालेल. न दिसणाऱ्या गोष्टी गंभीरपणे घ्यायची सवय असेल तुम्हाला.”

५ मार्च, गुरुवार

बाईसाहेबांचा परिचय आला – चार पानी. रुग्णालयातली अकरा वर्षं, दोन पदव्या, परिषदा, शेवटी पोहण्याचं प्रमाणपत्र. म्हटलं, “किरणं पोहून चुकवता येत नाहीत हो.” त्या म्हणतात, “असू दे ताई, वजन पडतं!”

सरांचा अर्धं पान. तीस वर्षं शिकवणाऱ्यानं स्वतःबद्दल एवढं कमी लिहावं! माझ्या चुलतभावाची लग्नाची माहिती यापेक्षा लांब होती, आणि त्यानं तर आयुष्यात काहीच केलेलं नाही.

बरं, तीस नव्हे. मोजलं. अठरा वर्षं शिकवणं, त्याआधी बारा वर्षं कारखान्यांत नळांच्या जोडांचे किरणांनी फोटो काढणं. आणि मध्ये चौदा महिने – काहीच नाही. विचारलं. सर हातातल्या, किरणं मोजायच्या मीटरची बॅटरी तपासत होते. (चहाच्या आधी तपासतात, चहाच्या नंतरही. प्रशिक्षणाला येणारी पोरं त्यांना ‘मीटरबुवा’ म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे.)

“ते तसंच राहू दे, वहिनी.”

“कलम चार राहू देत नाही, सर.”

“बघू.”

६ मार्च, शुक्रवार

‘बघू’ची आज दुसरी आवृत्ती निघाली. बदल नाही.

८ मार्च, रविवार

आज घरी मोजमाप जुळलं, आणि जुळलं नसतं तर बरं, असं वाटलं.

चौदा महिन्यांची सुरुवात ह्यांच्या अपघाताच्या महिन्यात होते.

इथे कधी लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती – ह्यांचा उजवा हात रोज समोर असतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही नाहीत. कप डाव्या हातानं. सही अशी की बँकेतला माणूस दर वेळी मान वाकडी करतो.

तेव्हा हे आणि सर एकाच टोळीत होते. सर मुख्य, हे हाताखाली. काम असं – एका जड पेटीत किरणोत्सारी गोळी असते. हँडल फिरवलं की ती तारेच्या टोकाला नळीतून बाहेर जाते, जोडाचा फोटो निघतो. उलटं फिरवलं की पेटीत परत. मग मीटर हातात धरून जवळ जायचं, आणि गोळी खरंच आत आली का हे मीटरला विचारायचं. डोळ्यांना काही दिसत नाही, हाताला काही लागत नाही. मीटर ओरडला तर मागे फिरायचं.

त्या दिवशी गोळी अर्ध्यावर अडकली होती. मीटर गप्प होता, बॅटरी संपली होती. ह्यांनी हातानं नळी सोडवली. दीड मिनिट. दुखलंसुद्धा नाही! तीन आठवड्यांनी बोटं गेली.

सकाळी बॅटऱ्या तपासून मीटर हातात देणं हे सरांचं काम होतं.

मी ह्यांना म्हटलं, “सरांच्या कागदात चौदा महिने रिकामे आहेत.” हे टोमॅटो चिरत होते – डाव्या हातानं, माझ्याहून बारीक चिरतात.

“विश्रांती लिही.”

“चौदा महिने? कुंभकर्णसुद्धा सहा महिन्यांनी उठायचा.”

एरवी हसले असते.

१० मार्च, मंगळवार

आज सरांच्या वर्गात मागे बसले. निमित्त – त्यांचा परिचय लिहायचा तर काम बघायला हवं. एकवीस जण, निळे कपडे, बूट दाराबाहेर झाडून आलेले. सरांनी प्रत्येकाला मीटर आणि सुटी बॅटरी दिली. “घाला. सुरू करा. तपासणीच्या गोळीजवळ न्या. बोलला? आता त्याच्यावर विश्वास ठेवा. न बोललेल्या मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, आणि स्वतःवर तर त्याहून नाही.”

मग ती गोष्ट. नाव नाही, गाव नाही. “एका माणसानं आपल्या जोडीदाराला मेलेल्या बॅटरीचा मीटर दिला.” एवढंच. पुढच्या बाकावरच्या एकानं विचारलं, “मग त्या माणसाचं काय झालं?”

“कोणत्या?” सर म्हणाले. आणि फळा पुसायला लागले. फळ्यावर काही नव्हतं.

नंतर एक प्रकार झाला. एकवीस मीटर एकदम टिकटिकत होते, डोकं उठलं होतं. मधल्या रांगेतल्या एकानं हळूच आपला बंद केला. सर सतरा वर्षांत माझ्यासमोर कधी आवाज चढवून बोललेले नाहीत. आज ओरडले –

“बंद का केला?”

“सर, नुसती कटकट –”

“कोणी शिकवलं हे तुला? कोणी शिकवलं?”

तो बिचारा पांढराफटक. कोणी शिकवलं असणार – कानांनी! सर मग बराच वेळ पाणी पीत राहिले.

१२ मार्च, गुरुवार

सरांनी पान दिलं. स्वतःच्या हातानं लिहिलेलं, एकही खाडाखोड नाही. म्हणजे आधी पुष्कळदा लिहून फाडलेलं असणार.

‘या चौदा महिन्यांत मी काम केले नाही. मी सहकाऱ्याला बॅटरी न तपासता मीटर दिला. त्यात त्याची दोन बोटे गेली. पूर्वीच्या चौकशीत यंत्रातील बिघाड असे नोंदले गेले व मला दोष दिला नाही. तो दोष माझा होता. त्यानंतर मी शिकवू लागलो.’

बाईसाहेबांनी वाचलं आणि खुर्चीत बसल्या. “ताई, कलम सात! हे गेलं की मान्यता गेली. मी एकटी प्रशिक्षक – दोन लागतात. वर्षाला चारशे माणसं शिकतात इथे, ती कुठे जाणार?” मग हळू आवाजात, “तुमच्याकडे शब्दांना तोटा नाही. जरा फिरवून लिहा ना.”

सरांना ऐकू गेलं. “वहिनी, सुंदर लिहू नका. लिहिलंय तसं पाठवा.”

सत्य आणि प्रिय दोन्ही एकदम बोलावं, असं शाळेत घोकलं होतं. घोकून घेणाऱ्यांना परवान्याचा अर्ज भरावा लागला नसावा.

१३ मार्च, शुक्रवार

पान घरी आणलं. ह्यांना वाचायला दिलं. म्हटलं, तुमच्या हाताची गोष्ट आहे, तुमच्या डोळ्यांखालून जायला हवी.

दोनदा वाचलं. घडी घातली.

“पाठवू नकोस.”

“का?”

“नको म्हटलं ना!”

ताट तसंच टाकून उठले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मी पाहुण्यांसमोर त्यांचं अशुद्धलेखन सुधारलं होतं.

१४ मार्च, शनिवार

सकाळी चहा झाला. हे म्हणाले, “बस.”

“बॅटरी संपलेली नव्हती.”

मला वाटलं, सरांना वाचवायला काहीतरी रचतायत.

“चांगली होती. मीटर सकाळपासून बोंबलत होता. पलीकडे दुसरी टोळी काम करत होती, त्यांची गोळी बाहेर आली की आमचा मीटर सुरू. चाळीस वेळा ओरडला असेल. मी बंद करून खिशात टाकला. मग विसरलो.”

“आणि सांगितलंत काय?”

“लोक धावत आले तेव्हा तोंडातून निघून गेलं, बॅटरी गेली होती. घाबरलो होतो गं. वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी दादा, म्हणजे तुझे सर, कामावरून नाव काढून माझ्या खाटेशी येऊन बसले. मला भात भरवत होते. तोंडात घास असताना कसं सांगायचं?”

“एकोणीस वर्षं घास होता तोंडात?”

लागलं त्यांना. लागावं म्हणूनच म्हटलं.

अपघातानंतर दोन वर्षांनी सरांनी मला नोकरी दिली. मी समजत होते, माझ्या संस्कृतसाठी. मग समजले, ह्यांच्या हातासाठी. आता कळतं, सरांची नसलेल्या चुकीसाठी. मी त्या खुर्चीत बसून सतरा वर्षं ‘सुरक्षिततेस सर्वोच्च प्राधान्य’ टंकत आले!

१५ मार्च, रविवार

टोमॅटो मी चिरले. जाड झाले.

संध्याकाळी हे कपडे करून दारात उभे राहिले. “मी दादांकडे जातो. तू येऊ नकोस.”

“सरळ सांगाल ना? फिरवून नाही?”

“तुझ्यासारखे शब्द कुठे आहेत माझ्याकडे?”

गेले. मी खिडकीतून बघत राहिले. कोपऱ्यावर थांबले, परत वळतात की काय वाटलं, पण बूट बांधत होते. एका हाताला तीनच बोटं असली की नाडी बांधायला वेळ लागतो. मी रोज बांधून देते. आज विसरले. नाही – विसरले नाही, बांधली नाही.

दोन तासांनी आले. डोळे लाल. “सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“‘पठ्ठ्या, चहा घे,’ म्हणाले.”

“बस्स?”

“‘वहिनींना उद्या लवकर पाठव,’ म्हणाले.”

१६ मार्च, सोमवार

सर माझ्याआधी आले होते. टेबलावर एक जुना मीटर, कातडी पट्ट्याचा, मी कधी न पाहिलेला. तोच.

“अपघाताच्या दुसऱ्या दिवशी उघडून पाहिला होता मी,” सर म्हणाले. “बॅटरी ठणठणीत. बटण बंद. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, वहिनी.”

मी बॅगेतून त्यांचं पान काढून टेबलावर ठेवलं.

“मग ते पान? तो वर्ग? मेलेली बॅटरी?”

“पोरानं एकदा तसं सांगितलं होतं. त्याला खोटं पाडून त्याची बोटं परत येणार होती का? त्यानं स्वतः येऊन सांगावं, याची वाट बघत होतो. काल आला.” मीटर उलटा करून त्यांनी बॅटरी तपासली, सवयीनं. “आता माझं सांगून टाकतो. तो कामाला लागला त्याच आठवड्यात हा असाच ओरडत होता. त्यानं विचारलं, दादा, काय करू? मी सांगितलं – बंद कर रे, कटकट नको. बटण कुठे आहे तेही मीच दाखवलं.”

१७ मार्च, मंगळवार

सरांनी पान बदललं. चौदा महिन्यांच्या जागी आता तीन वाक्यं आहेत – ‘मीटरचा त्रास झाला की तो बंद करावा, हे मी माझ्या सहकाऱ्याला शिकवले. त्यात त्याची दोन बोटे गेली. तेव्हापासून उलटे शिकवतो आहे.’ मी एक अक्षर बदललं नाही. पाठवलं.