फोटोतला मधला माणूस

३ मार्च
फोटो शून्य. पोट मात्र गच्च! पाच घरं फिरलो, पाचही ठिकाणी भात नि सुकी मासळी. सहाव्या घरी जाणार होतो, पण वाटेत कोंबड्यांची झुंज लागली होती—राहिलंच.

तेओफिस्ता मॅम: "दोंग, तुला ग्लोरियाचा जुना फोटो शोधायला धाडलं होतं की जेवणावळी झोडायला?"

ग्लोरिया म्हणजे आमचं बंद पडलेलं थिएटर. बारा तारखेला पाडणार, तिथे गाड्या लावणार. मॅमना ते वाचवायचंय. पन्नास वर्षांहून जुनं ठरलं तर हात लावता येत नाही. पण दारावर सिमेंटमध्ये बांधणीचं साल होतं ते वादळात पडलं, नि नगरपालिकेच्या कचेरीतले कागद त्याच वादळात भिजून लगदा झाले. वादळही असं नेमकं!

५ मार्च
फोटो अकरा. सगळे अंत्ययात्रेचे! आमच्याकडे फोटोवाल्याला बोलवायचे ते कुणी गेल्यावरच. मागे प्रत्येक वेळी चर्च. ग्लोरियासमोर मरायचं कुणाला सुचलंच नाही.

६ मार्च
सापडला! लोला नाडाकडे. वय चौऱ्याऐंशी, दात दोन, जीभ शाबूत—अख्ख्या गल्लीची आजी. फोटो उद्घाटनाच्या दिवशीचा. डावीकडे ती, उजवीकडे तिची बहीण बेलेन. वर एका कडेला 'ग्लो', दुसऱ्या कडेला 'रिया'. आणि मधे—काहीच नाही! जिथे दार नि साल, तेवढी उभी पट्टी कात्रीने उडवलेली.

"लोला, हे काय?"

"तिघांचा फोटो होता. तिघांत मधला आधी मरतो, एवढंही ठाऊक नाही? शाळेत काय करत होतास?"

(गेलो असतो तर सांगितलं असतं.)

मधला म्हणजे टोमो. ग्लोरियाच्या दारात तिकिटं फाडायचा. कापलेली पट्टी त्याच्याच हातात दिली म्हणे. "जिवंत असेल तर पलीकडच्या बेटावर असेल. मला काय करायचंय!"

८ मार्च
बोट चुकली. दुसरी येईपर्यंत धक्क्यावरच्या पोरांबरोबर बास्केटबॉल खेळलो. तीही चुकली.

९ मार्च
टोमो जिवंत! बाजारात छत्र्या दुरुस्त करतो. पट्टी प्रार्थनेच्या पुस्तकात जपलेली. दारावर १९६१—ठळक! मी नाचलोच.

"जोडणार? म्हणजे मी पुन्हा दोघींच्या मधे? नाही बाबा. नाडाने वाचवलंय मला."

मोबाइलने टिपतो म्हटलं, तर पट्टी थेट शर्टाच्या आत! बाकी माणूस उदार. नारळाचा केक खिलवला. दोनदा.

१० मार्च
मॅमने कपाळाला हात लावला. कचेरीला अख्खा, मूळ फोटोच हवा. परवा पाडायचं यंत्र येणार.

लोलाला म्हटलं, "टोमो म्हणतो, तुझ्यामुळे जगलो. दर रविवारी तुझ्या नावाने मेणबत्ती लावतो." वाटलं, खूश होईल. तर एकदम, "सकाळची बोट कितीला?"

"काही सांगायचं असेल तर मी सांगतो ना."

"तू? पोचेपर्यंत तीन ठिकाणी जेवशील."

११ मार्च
सकाळच्या बोटीने दोघं गेलो. लोलाने टोमोच्या दुकानाच्या दारात उभं राहूनच सांगून टाकलं. "मरणा-बिरणाचं काही नव्हतं, टोमो. तू बेलेनकडे बघत होतास. म्हणून कापला."

टोमो बराच वेळ छत्रीची एक काडी सरळ करत बसला. "साठ वर्षं मी प्रत्येक बाकावर कडेला बसतोय, नाडा."

मग पट्टी काढून तिच्या हातावर ठेवली. मीही येतो म्हणाला. बोटीत आमच्या दोघांच्या मधे बसला.