खुबा बदलला, रक्त तेच

प्रिय जिपार,

नवा खुबा बसवून महिना होत आला. मी काठी घेऊन घरभर फिरते आणि आई घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा घेऊन माझ्या मागे. हाड जुळतं म्हणे. अगं, खुबा धातूचा आहे, म्हटलं. "मग धातूलाही पाज," म्हणाली.

परवा फोनवर तू हसलीस. "ताई, तुझ्या रक्तात खोट निघाली म्हणून बहिणीच्याही निघते की काय? सातवा महिना लागलाय, आता आणखी सुया नकोत." मीही हसले. फोनवर मला चेष्टेशिवाय काही बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

ऑपरेशननंतर आठवड्याच्या आत माझी पोटरी भोपळ्यासारखी सुजली होती. शिरेत गुठळी झालेली. खुबा बदलल्यावर होतं असं कधी कधी, पण औषध चालू असताना झालं म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्त गोठवणारा जो पाचवा घटक असतो, तो माझ्यात एकदा कामाला लागला की थांबतच नाही. लग्नात बोलायला उठलेल्या असानबेकमामासारखा. पोटात मूल असताना रक्त तसंही लवकर गोठतं, म्हणून तुझ्या मागे लागलेय. आधी कळलं तर इंजेक्शनांनी सांभाळता येतं.

ही खोट मला आई आणि बाबा दोघांकडूनही आलीय. अशा वेळी भावंडं सुटू शकतात. मुलं सुटत नाहीत, त्यांना एक वाटा मिळतोच. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "मुलं?" मी सवयीनं "नाही" म्हणाले. आई शेजारीच होती. म्हणाली, "आहे एक. थोरलं नातवंड, रीतीप्रमाणे मी मागून घेतलं, माझं म्हणून वाढवलं. रक्त हिचंच."

गावाला ठाऊक आहे, बहुधा तुलाही. आईचा मान म्हणून मी कधी बोलले नाही, तूही कधी विचारलं नाहीस, आणि त्यात माझं वाईट झालं असंही नाही. पण बहीण समजून तू सुटण्याची आशा धरून बसलीयस, आणि ती आशा तुला नाही. पत्र मिनिबसच्या ड्रायव्हरकडे देतेय. हातात पडताच दवाखान्यात जा, आणि कुणाची मुलगी ते तिथे खरं सांग. "सगळं लिही," असं आईनंच सांगितलं, आणि मला लिहिता यावं म्हणून शेजारणीकडे जाऊन बसलीय.

तुझीच,
बुरुल