गंधाखालचं साल

अण्णा, तुमची पेटी सध्या माझ्या दिवाणखान्यात आहे आणि पाहुणे तिला टीपॉय समजून तिच्यावर चहाचे कप ठेवतात. मी कपाखाली बशी सरकवतो. दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्यांचा संग्रह करणाऱ्या माणसाकडे लोक आधीच जरा सांभाळून बघतात. वर्गात संस्कृत शिकवणारा माणूस रविवारी देवळाली कॅम्पातल्या भंगाराच्या दुकानात उकिडवा बसून फळ्यांवरचे पुसट शिक्के भिंगातून वाचतो, हे त्यांना पटत नाही. मला विचाराल तर काम एकच. पोथी असो की पेटी, आधी कागद नाहीतर लाकूड बघायचं, मग अक्षर, मग नंतर कोणी काय खोडलं आणि वर काय लिहिलं ते. काडतुसांची पेटी रिकामी होऊन परत आली की आत स्फोटक काही उरलं नाही असा शिक्का मारून तीच पुन्हा भरत. म्हणजे एकाच फळीवर दोन-तीन हातांचे पाठभेद. तुम्ही आधी ‘वेड लागलंय’ म्हणाला असतात आणि लगेच भिंग मागितलं असतंत.

पेटी आली तो दिवस मला चांगला आठवतो. तुम्ही ती सायकलच्या कॅरियरला बांधून पंचवटीतल्या आपल्या घरी आणलीत. आई दारातच उभी. “हे काय?” “काडतुसांची पेटी. आतून पत्रा आहे. पोथ्यांना वाळवी लागणार नाही.” “पोथ्यांना? आणि माझ्या तांदळात पोरकिडे झालेत ते?” दोन दिवसांत घोटीचा तांदूळ पेटीत आणि पोथ्या पुन्हा फडताळात. सगळं न्यायशास्त्र कोळून प्यायलेले तुम्ही, त्या वादात तुमचं एक वाक्य पूर्ण झालं नाही. पेटीच्या बाजूला इंग्रज सरकारच्या मालावर असायची ती बाणाची खूण होती. आई म्हणाली, “रामाचा बाण! मग पंचवटी सोडून जाणार कुठे?” आम्ही सगळे हसलो. तुम्ही हसला नाहीत. रात्रीची पानं वाढली जात असताना म्हणालात, “भंगारवाला सांगत होता, ही ब्रह्मदेशच्या लढाईतून परत आलीय.” आईने वाढता हात थांबवला. दुसऱ्या महायुद्धात तुमचे थोरले भाऊ तिथेच लढताना गेले होते. त्यांच्यानंतर घरी फक्त तार आली; ना अस्थी, ना कपडे. मला ते काका फोटोतूनच ठाऊक.

तेव्हापासून खंडेनवमीला आपल्याकडे विळी, कोयता आणि सायकल यांच्याबरोबर तांदळाची पेटीही पूजेला बसायची. तुम्ही सहाणेवर चंदन उगाळून बाणावर गंध लावायचात, वर कुंकू, आणि आई मागून म्हणायची, “तांदूळ आधीच काढून घेतलेत हो. तुमची पूजा सावकाश चालू द्या.” वर्गात कोणी ‘असं म्हणतात’ म्हटलं की खडू खाली ठेवून ‘कोण म्हणतात? प्रमाण काय?’ विचारणारे तुम्हीच. मी कॉलेजात गेलो, थोडी शिंगं फुटली, तेव्हा एका खंडेनवमीला मीही विचारलं, “अण्णा, भंगारवाला म्हणाला, हे प्रमाण?” मला वाटलं आता चांगली खरडपट्टी निघणार. तुम्ही बोट ताम्हनात धुतलंत आणि म्हणालात, “पाटावर बस. जेवण निवतंय.” तुम्ही उत्तर न दिलेला तो एकच प्रश्न.

आता अडचण अशी की उत्तर पेटीवरच आहे. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसांची नोंद वाचता येते, कारखान्याची अक्षरं लागतात, सालातले एक आणि नऊ दिसतात. पुढचे दोन आकडे बाणाला लागून आहेत, म्हणजे तुमच्या गंधाखाली. नुसत्या बाणावरून काही ठरत नाही; इंग्रज गेले तरी त्यांचे साचे लगेच गेले नाहीत. चाळीसच्या आसपासचं साल निघालं तर भंगारवाला खरा असू शकेल. पन्नासच्या पुढचं निघालं, तर ही पेटी त्या लढाईच्या वाटेलाही गेलेली नाही.

आमच्या संग्राहक मंडळींचं प्रदर्शन आहे आणि साल नक्की नसलेली पेटी त्यात मांडत नाहीत. कॅम्पातला माझा मित्र, निवृत्त हवालदार आणि माझ्यासारखाच पेट्या जमवणारा, म्हणाला, “सर, कोमट पाणी, कापूस. पाच मिनिटांत दूध का दूध. चंदनच आहे, सुरुंग थोडाच आहे?” मी त्याला व्याख्यान दिलं: वस्तूवर नंतर चढलेला थर हाही तिचा इतिहास, तो पुसणं म्हणजे पोथीचं पान फाडणं. तो शांतपणे म्हणाला, “मग माझ्या पेटीवरचा ऑइलपेंट मला का खरवडायला लावलात?” ताईला फोन केला, म्हटलं ती तरी रागावेल. ती म्हणाली, “पूस की! अण्णा असते तर त्यांनीच पहिल्यांदा पुसलं असतं.” ते खरंही आहे.

काल सकाळी वाटीत पाणी घेऊन बसलो. कापूस भिजवला. तुम्ही गेल्यावर पेटीची पूजा कोणी केलेली नाही, त्यामुळे सगळ्यात वरचं गंध तुमचंच. कुंकू केव्हाच झडलंय; भिंग धरलं तर गंधात अनामिकेच्या रेषा दिसतात. तुम्ही बोट नुसतं टेकवत नव्हता, दाबून ठेवत होता. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी उठलो आणि वाटीतलं पाणी तुळशीला घातलं.

पेटी येणार नाही असं मित्राला कळवलं. संग्राहकाची शिस्त आड येते, म्हटलं. शिस्तबिस्त काही नाही, अण्णा. तुम्ही भावाच्या कपाळी म्हणून लावत होता ते गंध भलत्याच खोक्यावर लागत राहिलं, असं मला कळलं असतं तर? हे ताईलाही बोललो नाही. तुम्हाला पत्र पोचायची सोय नाही, म्हणूनच लिहू शकलो.