ताकात विझवलेलं लोखंड

आई, तू दिलेला फाळाचा तुकडा अजून माझ्याकडे आहे. रोजचा हिशेब लिहिते त्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहितेय. नवा कागद आणायचं जिवावर आलं. तुला अक्षर येत नव्हतं, तरी तुलाच लिहितेय, कारण या घरात आता कुणी कुणाशी बोलत नाही. तुझी नात आजारी आहे. साताऱ्याला बालवाडीत शिकवायची, ते सोडून सांगलीला माझ्याकडे आली. जिना चढताना भिंत धरते. पाय सुजतात, छाती भरून येते. चेहरा मात्र तसाच, तू बघितला होतास तसा, मेणाचा.

कुंडलचं तुझं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. पोरगी नुकती चालायला लागलेली. तू तिची पापणी खाली ओढून बघतेस, नखं दाबतेस आणि म्हणतेस, "रगतच न्हाई की गं हिच्यात. नुसती भावली हाय." मग मोडक्या नांगराच्या फाळाचा बोटभर तुकडा लोहाराकडून तोडून आणतेस, राखेनं घासून चुलीत सारतेस. लाल झाला की सांडशीत धरून ताकाच्या भांड्यात. चर्र! पोरगी दचकते आणि मग टाळ्या पिटते, "आज्जी, अजून!" "अजून कशाला? पी मुकाट. लोखंडाचं बळ येतंय अंगात." एकदा मी कंटाळून साधंच ताक दिलं. भांड्याच्या तळाला काळी भुकटी दिसली नाही, तेवढ्यावर तू ओळखलंस. "आळस आला व्हय बाईसाहेबांना? रगत काय वाण्याकडं मिळतंय?" शेजारणी हसल्या. मी सांगलीला निघाले तेव्हा तू तो तुकडा जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून माझ्या ओटीत घातलास, नारळाच्या बरोबरीनं. पोरगी मोठी होईपर्यंत मी एक दिवस चुकवला नाही. पुढं गोळ्या घेतल्या, टॉनिक घेतलं. रक्त वाढलं नाही की दुसरी बाटली.

मिरजेच्या डॉक्टरांनी आता पहिल्यांदा नीट तपासलं. तरुण आहेत, इकडचेच. म्हणाले, "मावशी, रक्त कमी आहे हे खरं. पण लोखंड कमी नाही. अंगात साठून राहिलंय." थॅलेसेमिया नाव सांगितलं. आईबाप दोघांच्या रक्तातून थोडं थोडं आलेलं. आत्याच्या घरात दिलीस ना मला, त्या नात्यातल्या लग्नाचंही विचारलं त्यांनी. मी म्हटलं, मी मॅट्रिक झालेली आहे, मला समजेल असं सांगा. लोखंड आहे तर रक्त का होत नाही?

त्यांनी कागदावर गोल काढला. ही पेशी. लोखंड रक्तातून मोकळं फिरत नाही, त्याला वाहून नेणारं एक असतं, ट्रान्सफेरिन. कारखान्याला ऊस नेणारी ट्रॉलीच समजा. आणि पेशीच्या अंगावर त्याला ओळखणारी दारं असतात, रिसेप्टर. ट्रॉली दाराशी लागली की दार ट्रॉलीसकट आत ओढलं जातं, लोखंड उतरतं, मग रिकामी ट्रॉली आणि दार दोन्ही परत बाहेर. ज्या पेशीला गरज, ती जास्त दारं मांडते. पोट भरलं की दारं आवरून घेते. आई, मी त्या कागदाकडे बघतच राहिले. उंबऱ्यानं स्वतः आत जाऊन पाहुण्याचं ओझं उतरवून घ्यायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. केवढी व्यवस्था केली आहे देवानं! मग म्हटलं, एवढी व्यवस्था आहे तर माझ्या पोरीचं काय बिघडलं? ते म्हणाले, "तिचं रक्त तयार होतानाच मोडतं. शरीराला वाटतं लोखंडच कमी पडतंय, म्हणून आतडं ओढत राहतं. सगळ्या ट्रॉल्या भरल्या की उरलेलं लोखंड मोकळं सुटतं. त्याला दाराची गरजच नसते. ते काळजात दुसऱ्याच वाटेनं शिरतं, आणि तिथं आवरायला कुणी नसतं."

"मग ते ताक?" मी विचारलं.

"ताकातून कितीसं जातंय, मावशी? तिचं शरीरच ओढत होतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पण द्यायला नको होतं."

त्या 'पण'पाशी मी बसले आहे ती अजून उठलेली नाही. लोखंड काढायचं औषध चालू आहे. ते सावकाश काढतं. काळीज तोवर तग धरेल का, असं विचारलं की डॉक्टर पुढच्या तपासणीची तारीख लिहून देतात.

औंधला यमाईकडे जाऊन आले. याच देवीपुढे तू पदर पसरला होतास, नातीच्या अंगात लोखंड भर म्हणून. आता मी काय मागू? दिलंस ते काढून घे? हात जोडले. नारळ तसाच परत आणला. आजवर देवीपुढून असं कधी उठले नव्हते.

काल दुपारी ती उशीला टेकून म्हणाली, "आई, आज्जीचं ताक करतीस? ते चर्र वाजणारं." मी म्हटलं, "डॉक्टर रागावतील." तर हसली. "आता रागावून काय करणाराय गं ते?"

मी आत गेले. साधं ताक पेल्यात काढून ठेवलं. तुझा तुकडा गॅसवर लाल केला, दुसऱ्या भांड्यात नुसतं पाणी घेतलं आणि त्यात बुडवला. आवाज तिच्या खोलीपर्यंत गेला. ताक नेऊन दिलं. तिनं डोळे मिटून घोटघोट प्यायलं. "आज्जीचीच चव हाय," म्हणाली. तळाला भुकटी आहे का, तिनं बघितलं नाही.

हे पान फाडून कुठं पाठवणार? पुढचं पान उलटलं की उद्याचं दूध, भाजी, औषध. एवढंच सांगते, आई. ते पाणी मला मोरीत ओतवलं नाही. ओट्याशी उभी राहून मी पिऊन टाकलं.