घरी सोय आहे का

३ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचा पत्ता माझ्या घराचा नाही, निवाऱ्याचा आहे. इथली एक संस्था बेघर माणसांसाठी तो चालवते. माझ्या शिलाईच्या दुकानाची इमारत पाडली, तिच्याबरोबर वरची खोलीही गेली. तुझ्या भावजयीच्या माघारी तिथे तसाही मी नुसता पडून असे. नंतर दीड महिना बस स्थानकावर काढला. तुला लपवून ठेवायचं नव्हतं. काय लिहावं तेच सुचेना.

एका संध्याकाळी संस्थेच्या दोघीजणी थर्मास घेऊन आल्या आणि त्यांनी आधी माझं नाव विचारलं. सांगायला मला जरा वेळच लागला. आता खाट आहे, गरम जेवण आहे, डोळे तपासून नवा चष्माही मिळाला. दिवसा इथल्या चादरींच्या किनारी शिवतो. सकाळी देवाला हात जोडतो, मागत काही नाही. बरं वाटतंय की वाईट, विचारशील तर सांगता यायचं नाही.

संस्था मला स्वतंत्र खोली देणार आहे. सोबतचा कागद जवळच्या नातेवाइकाने भरायचा असतो. तेवढा भरून पाठव. मेहुण्यांना नमस्कार. आठवण काढत राहा.

तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

चि. टेलरमास्तरास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी तुला शिव्या घातल्या, मग रडले, मग राहिलेल्या शिव्या घातल्या. दीड महिना! सख्खी बहीण काय मेली होती? तुझे मेहुणे म्हणाले, तुझा भाऊ दुसऱ्यांचे कपडे मापात शिवतो, स्वतःच्या अकलेचं माप घ्यायचं राहिलं. एवढं बोलून उठले आणि कितीतरी वेळ बाहेर जाऊन बसले.

कागद भरला. त्यात एक आगाऊ प्रश्न होता, नातेवाइकाच्या घरी राहण्याची सोय होऊ शकते का. मी ठसठशीत लिहिलं, हो, आमचं घर त्याचंच आहे. तुला मागेपुढे कुणी नाही असं त्या लोकांना वाटायला नको. खोली मिळाली की लगेच कळव. जेवत जा.

तुझी ताई

१७ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद पोचला. निवाऱ्याच्या व्यवस्थापक बाईंनी बोलावून सांगितलं, बहिणीकडे सोय आहे हे फार चांगलं झालं. खोल्या मोजक्या आहेत, आणि ज्यांना कुणीच ठेवून घेऊ शकत नाही त्यांनाच त्या देतात. माझं नाव यादीतून काढलं.

तुझ्याकडे दोन खोल्या, सात माणसं, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मला ठाऊक होतं, पण बाईंना सांगितलं नाही. माझ्या बहिणीने लिहिलंय ते खरं नाही, असं परक्यापुढे म्हणवेना. महिनाअखेरपर्यंत सोबतचा दुसरा कागद भरून आला तर त्या पुन्हा विचार करतील. ये म्हणालीस तर येईन, नको म्हणालीस तरी राग नाही. खरं सांगायचं तर दोन्हींतलं काहीच आत पोचत नाही. सगळ्यांना यथायोग्य.

तुझा धाकटा

२३ फेब्रुवारी

चि. टेलरमास्तरास,
अ. उ. आ.

‘ये’ एवढंच लिहून पत्र चिकटवलंही होतं. मग तुला निजवायचं कुठे, म्हणून घरभर फिरले. दारामागे एक कोपरा निघाला. त्यात तू निजला असतास, आणि कुणाची अडचण नको म्हणून पहाटे सगळ्यांच्या आधी उठून रस्त्यावर जाऊन बसला असतास. मी ओळखून आहे तुला.

पत्र फाडलं. नवा कागद भरला. नाही, आमच्या घरात त्याची सोय होऊ शकत नाही. मेहुण्यांनी वाचला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आले. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. माझ्यावर रुसायचं तर रूस, पण खोली घे.

तुझी ताई

१ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोली मिळाली. खिडकी पूर्वेला आहे.

तुझा कागद वाचून व्यवस्थापक बाई मला हळूच म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, असतात काही नातेवाईक असे. बाई भल्या आहेत, पण मला एकदम राग आला. कितीतरी महिन्यांनी आला. टेबलावर हात आपटून म्हणालो, माझ्या बहिणीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आवाज एवढा चढला की बाहेरच्या रांगेतली माणसं डोकावली. मग बाईंची माफी मागितली आणि तिथेच बसून खूप रडलो.

तुझा धाकटा