अर्ध्या मिलिमीटरचं भोक

३ मार्च, संध्याकाळी ७
तार भोकात जात नाही. सहावा प्रयत्न. खेळण्यातल्या रेल्वे इंजिनाच्या बॉयलरला कठडा बसवायचा आहे. भोक अर्ध्या मिलिमीटरचं, तार त्याहून बारीक. किटवाल्यांनी भोकं धड पाडलेली नाहीत. बायकोने माझ्या हातातून तार घेतली आणि एका दमात घातली. योगायोग.
संकल्प: इंजिन महिनाअखेरच्या आत पूर्ण. सव्वीस वर्षं खरी बस चालवतोय, हे तर वीतभर.

५ मार्च
नवा दिवा आणला. उजेडच कमी होता. आता भोक स्वच्छ दिसतं. दोन दिसतात.

८ मार्च
डेपोतून निघताना बसचा आरसा खांबाला घासला. खांब रस्त्यात फार पुढे आहे. लेखी तक्रार करणार. कंडक्टर म्हणाला, साहेब, खांब काय फिरायला निघाला होता का? टवाळ माणूस.

१२ मार्च
चाकं काळी रंगवली. बायको म्हणते, तपकिरी आहेत, डबीवरचं वाचा की. इतक्या बारीक अक्षरात लिहिलेलं वाचायचं नसतं. डोळे दाखवून या म्हणाली. डेपोची तपासणी एकवीसला आहेच. एका कामाला दोन खेपा कशाला?

१५ मार्च
सायकलवाला कुठून आला कळलं नाही. ब्रेक लागला, एवढं खरं. बस भरलेली. बायकोही होती, कामावर जायला ती रोज तिसऱ्या स्टॉपवर माझ्याच बसमध्ये चढते.  
इंजिनाचे रिव्हेट मोजले. डाव्या बाजूला एकेचाळीस. किटच्या नकाशात अठ्ठेचाळीस. नकाशा चुकला आहे.

१८ मार्च
तपासणीची तयारी. डेपोच्या दवाखान्यातला डोळ्यांचा तक्ता कंडक्टरकडून मोठ्या अक्षरांत उतरवून घेतला. शेवटची ओळ: त प ल र म ग. उलटीही पाठ केली, डॉक्टर लोक हुशारी करतात. आंघोळ करताना घोकत होतो, ते बायकोने ऐकलं. दाराबाहेरून म्हणाली, तो तक्ता रस्त्यावर टांगणार आहात का? उत्तर तयार होतं, पण तोंडात साबण होता.

२१ मार्च
पास. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी नजर! मी नम्रपणे हसलो. कंडक्टर दारात उभा होता. तो म्हणतो, तुम्ही कोटाच्या खुंटीकडे बघून हसलात. जळतो.
आता चष्म्याचा विषय घरात बंद.

२२ मार्च, संध्याकाळी ६
इंजिन पूर्ण, नऊ दिवस आधीच. टेबलावर रूळ मांडले, स्टेशन, त्यावर प्लॅस्टिकची माणसं, पुठ्ठ्याचा बोगदा. बायकोला बोलावलं. पहिली फेरी उत्तम. दुसऱ्या फेरीआधी ती म्हणाली, थांबा, आणि रुळांशी काहीतरी केलं. मी विचारलं नाही. कौतुकाचाच प्रकार असणार. बटण दाबलं. इंजिन दिमाखात बोगद्यात शिरलं.
तिने विचारलं, काय दिसलं? म्हटलं, काय दिसायचंय, रूळ मोकळे होते.
तिने बोगद्यात हात घातला आणि माझ्या तळव्यावर एक माणूस ठेवला. स्टेशनवरच्यांपैकी, बोटाच्या पेराएवढा. बोटाने चाचपला. पाय गुडघ्यातून गेले होते. तुमच्या नाकासमोर रुळावर उभा केला होता, म्हणाली.
इंजिन थांबलं नाही, याचा अर्थ मोटर दमदार आहे. तसं तिला सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली.
संकल्प: उद्यापासून नवीन किट. मोठ्या आकाराचं.

२३ मार्च
सकाळी तिसऱ्या स्टॉपवर रांग होती, बायको सगळ्यांत पुढे. दार उघडलं. ती चढली नाही. पायरीसमोर उभी राहून मागच्यांना म्हणाली, आमच्या ह्यांना दिसत नाही, मागची बस घ्या. रांगेतलं कुणीच चढलं नाही. मग आतले उतरू लागले. शेवटी कंडक्टर उतरला.