व्याह्यांच्या गेमचे गुण

योनागो,
जूनचा दुसरा सोमवार

तीर्थरूप चिझुताईस,

धाकट्या कुनिहिकोचा चटईला कपाळ टेकवून नमस्कार. (एरवी मी तुझ्यापुढे एवढा वाकत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा संशय आलाच असेल. आलेला बरा.) इकडे नाशपात्यांना कागदी पिशव्या घालायचे दिवस आहेत. तिकडे उत्तरेत, तुमच्या ओतारूला, अजून पायांतले लोकरीचे मोजे निघाले नसतील. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा रक्तदाब? की मीठ सोडल्याचं तुला सांगून बंदरावर खारवलेला हेरिंग खाणं चालूच आहे? मी आणि साचिए ठीक. चष्म्याचं दुकानही ठीक. लोकांची नजर दिवसेंदिवस अधू होते आहे, देवाची कृपा.

मिनोरीच्या लग्नाचं निमंत्रण तुला पोचलं असेलच. होणारा जावई तोमोहिरो पुलांची तपासणी करतो, बोलतो कमी आणि ताटात काही टाकत नाही, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. घोटाळा आहे तो त्याच्या वडिलांचा. म्हणजे खरं तर माझा. आणि नीट पाहिलं तर, ताई, निम्मा तुझा.

मार्चमध्ये दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा एकत्र जेवायला बसली. उसुई सादानोरी, म्हणजे आपले व्याही, पासष्टीचे, हडकुळे, विधुर गृहस्थ आहेत. तीस वर्षं शाळांमधून बॉयलर बसवून निवृत्त झाले. हवा, खेकडे, मुलांचं लहानपण असं सगळं बोलून झालं, आणि आता पाहुणे उठणार इतक्यात आपल्या गुणी मुलीने तोंड उघडलं. "बाबांना जुन्या व्हिडिओ गेमचं भारी वेड आहे हं. कपाट भरून कॅसेट आहेत!" त्यावर जावई, जो वर्षात चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक नेमकं तिथे बोलला. "मग जमेल तुमचं. बाबांनी एक गेम बनवला होता, बॉयलरच्या आधी." उसुईसाहेब कानापर्यंत लाल झाले. "अरे, ते कशाला आता? 'सात घंटांचं राज्य'. तुम्ही नावसुद्धा ऐकलं नसेल." ताई, माझ्या घशात खेकड्याची नांगी अडकली. साचिएने पाठीत मारलेली थाप मला अजून दुखते.

आठवलं ना? मी बावीस वर्षांचा होतो. ते राजे-राक्षस-तलवारीवाले रोल-प्लेइंग गेम आणून खेळायचे आणि मासिकांना पोस्टकार्डावर टवाळी लिहून पाठवायची, हा माझा त्या वेळचा एकमेव उद्योग. छापून आलं की टेलिफोन कार्ड मिळायचं. टोपणनाव 'लोणच्यातला मुळा'. माझं अक्षर संपादकांना लागत नाही म्हणून पोस्टकार्ड तू लिहायचीस आणि कोपऱ्यात मुळ्याचं चित्र काढायचीस. 'सात घंटा'वर आपण लिहिलं होतं, "सातही घंटा वाजल्या, झोप काही मोडली नाही. सहावीला तर शेजारी उठून तक्रार करायला आला, माझ्या घोरण्याची." संपादकांना तुझा गोधडीत झोपलेला मुळा इतका आवडला की त्यांनी पोस्टकार्ड जसंच्या तसं, तुझ्या अक्षरासकट छापलं. मग देशभरच्या टवाळांना जोर चढला, त्या गेमला 'झोपेची गोळी' हे नाव पडलं आणि वर्षाच्या आत ती छोटीशी कंपनी बुडाली. टेलिफोन कार्ड तू ठेवून घेतलंस.

आता मला सांग, त्या खोलीत मी काय करायला हवं होतं? मी म्हणालो, "काय सांगता! माझा सर्वांत आवडता गेम तो." उसुईसाहेबांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. मग अगदी हळू विचारलं, "काय... आवडलं त्यातलं?" बत्तीस वर्षांत त्यांना हा प्रश्न विचारायची संधी कोणी दिली नव्हती, हे मला नंतर कळलं. मी घाबरून माणूस जे बोलतो ते बोललो. "असं चार शब्दांत कसं सांगू? एकदा घरी याच. निवांत बोलू." हे वाक्य आपण किती जणांना म्हणतो? आयुष्यात कोणी आलंय? शेजारचे ओकिमोतो एकोणीस वर्षं 'येतो, येतो' म्हणताहेत, आणि ते आले तर आम्ही घाबरून पोलिसांना बोलावू. उसुईसाहेब मात्र पुढच्याच रविवारी दुपारी बरोब्बर दोनला दारात उभे. एका हातात बीनच्या मिठाईचा डबा, दुसऱ्या हातात जांभळ्या कापडात बांधलेलं गेमचं यंत्र. "म्हटलं, खेळता खेळता सांगाल."

तेव्हापासून दर रविवारी दोन ते सहा मी माझ्या सर्वांत नावडत्या गेमपुढे, तो बनवणाऱ्या माणसाशेजारी मांडी घालून बसतो, आणि दर रविवारी एक तरी गुण शोधून काढावा लागतो. पोटच्या मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे, 'बरा आहे' म्हणून भागत नाही. (शनिवारी मी सरावासाठी कपाटातले इतर टाकाऊ गेम काढून त्यांचं कौतुक करतो. एकात बारा नायक आहेत आणि बाराही सतत रडतात. पण त्याच्या माहितीपुस्तकाला मागे सहा कोरी पानं आहेत, वाण्याची यादी लिहायला उत्तम. दुसऱ्यात जहाजातून तासभर नुसतं पाणी दिसतं. साचिएची दुपारची झोप त्याने सुधारली. शोधलं की सापडतं.)

पहिल्या रविवारी नायकाचं चालणं. हा मुलगा राज्य वाचवायला निघालाय, पण चालतो असा की हातात काठोकाठ भरलेलं सूपचं पातेलं आहे. एक शेत ओलांडेपर्यंत जवाचा चहा उकळून गार होतो. मी म्हणालो, "चालीत संयम आहे." उसुईसाहेबांनी वहीत लिहून घेतलं. हो, ते वही आणतात! दुसऱ्या रविवारी राजाचं भाषण. अठरा पानं, मध्ये सोडता येत नाही, आणि दरबारात पाऊल टाकलं की पुन्हा पहिल्यापासून. सहा वेळा ऐकून मला ते पाठ झालं, आणि सांगायला हरकत नाही, मोहल्ल्याच्या बैठकीत कचरा उचलायच्या वारावरून भांडण पेटलं तेव्हा मी उभा राहून राक्षसाच्या जागी कावळे घालून तेच भाषण केलं. बाराव्या पानाला सगळे एकमताने गुरुवारला तयार झाले. तिसऱ्या रविवारी खजिन्याच्या पेट्या. जिवावर उदार होऊन उघडावी, तर आत ओल्या आगपेट्या. सतराच्या सतरा पेट्यांत! यात काय गुण सांगणार? मी म्हणालो, "माणसाचा लोभ सुटतो." आणि ताई, खोटं नाही, त्या आठवड्यात मी लॉटरीचं तिकीट घेतलं नाही.

हे सगळं मी तोंडदेखलं करत होतो हे तुझ्यापासून लपवत नाही. उसुईसाहेब खाली मान घालून लिहून घ्यायचे आणि मी त्यांच्या टकलाकडे बघून मनात हसायचो. साचिएला ते आवडत नव्हतं. ती म्हणाली, "हसताय खुशाल. तुमच्या चष्म्यांवर कोणी असं पोस्टकार्ड छापलं असतं म्हणजे?" मी विषय बदलला.

पण सहाव्या रविवारी वेगळंच झालं. दुसऱ्या घंटेच्या गुहेत आमच्या नायकाला एवढा मार बसला की जीव नावापुरता उरला, औषध संपलं, आणि जवळ दुसरं गावच नाही म्हणून मी त्याला वैतागून त्याच्या स्वतःच्या घरी नेलं. या असल्या गेममध्ये नायक एकदा घर सोडून निघाला की परत कोण जातं? कोणीच नाही. दारात त्याची आई उभी. ती म्हणाली, "आधी पाय धू. मरायचं असेल तर पाय धुऊन मर, आत्ताच पुसलंय." मी हसलो. मग पुन्हा बाहेर जाऊन, एक तलवार घेऊन परत आलो. "केवढ्याला फसलास?" पावसातून आलो. "छत्री दिली होती ती कुठे टाकलीस?" दर वेळी नवं! मी संध्याकाळभर आत-बाहेर करत राहिलो, आणि ती बाई एकदाही तेच बोलली नाही. उसुईसाहेब लाजत म्हणाले, "दोनशे चाळीस वाक्यं आहेत तिची. कॅसेटमध्ये जागा पुरेना, म्हणून मग सगळ्या राज्याला एकच धून ठेवली, आणि पेट्यांतही एकच वस्तू. सगळे म्हणाले, घरी कोण जाणार आहे? मी म्हटलं, कोणी गेलाच तर?" ताई, मला आपली आई आठवली. नोकरी सुटून मी क्योतोहून परत आलो त्या दिवशी ती असंच काहीसं बोलली होती, आणि मी रागाने जेवलो नव्हतो. मला रडू आलं. खोटं खोटं नाही, अगदी नाक वाहेपर्यंत. हा एक गुण मी शोधलेला नाही, तो तिथे होताच. बत्तीस वर्षांपूर्वी तो मला दिसला नाही, कारण मी तो गेम दोन तास खेळून विकून टाकला होता. दुसऱ्या घंटेपर्यंतही गेलो नव्हतो. सात घंटांचा विनोद मी डब्यावरचं नाव वाचून केला होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी त्याच क्षणी पाय धरले असते. पण उसुईसाहेबांनी वहीच्या पुठ्ठ्यातून एक जपून ठेवलेलं कात्रण काढलं. आपलं पोस्टकार्ड! मला वाटलं, कळलं यांना. तर म्हणतात कसे, "लोक हसले, कंपनी गेली, त्याचं वाईट वाटलं. पण या मुळ्याचा मला आधार होता हो. सहावी घंटा, सातवी घंटा असं मोजून लिहिलंय. म्हणजे शेवटपर्यंत खेळलेला हा देशातला एकटा माणूस. शिव्या घालायला का होईना, पण पोचला तिथवर. एकदा भेटायचं होतं त्याला." आता बोल! मुळा मीच म्हणावं तर त्यांचा एकमेव वाचक, आपलं, खेळाडू, तोही खोटा निघतो. न म्हणावं तर लग्नाच्या पंगतीत मी त्यांच्या हातून साकेचा पेला कुठल्या तोंडाने घेऊ? मला त्यांच्याबद्दल माया वाटायला लागली आहे, ही खरी पंचाईत. आम्ही आता चौथ्या घंटेपाशी आहोत. शेवटपर्यंत खरोखर पोचायचं आणि मगच कबुली द्यायची, असं मी ठरवलं आहे. निदान एक खोटं तरी तोवर खरं होईल.

भावोजींना नमस्कार. हेरिंगचं मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

तुझा,
कुनिहिको

ता. क. मुख्य काम राहिलंच. निमंत्रणासोबत येणार-न येणारचं जे उत्तराचं कार्ड आहे, ते हाताने भरू नकोस. दोन्हीकडची कार्डं उसुईसाहेबांकडे जातात, कारण यादी करायची त्यांना हौस आहे. तुझं अक्षर बत्तीस वर्षांत काडीमात्र बदललेलं नाही, आणि तुला कोरा कोपरा दिसला की चित्र काढल्याशिवाय राहवत नाही. फोन कर. कार्ड फाडून टाक. मुळा काढू नकोस.

दुसरा ता. क. (गुरुवार. टपालाची तिकिटं संपली म्हणून पत्र राहिलं होतं.) तुझं कार्ड पोचलं. नवरीची पांढरी टोपी घातलेला मुळा सुंदर आलाय. उसुईसाहेब ते आणि कात्रण शेजारी शेजारी धरून आज, रविवार नसताना, दुकानात आले. गिऱ्हाईक बाहेर काढून मी काउंटरमागे गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. मुळा मी, विनोद माझा, दोन तासांत विकला तोही मीच, ताईने नुसतं लिहून दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग डोळे पुसून म्हणाले, "व्याहीबुवा, बहिणीचं नाव वाचवायला भाऊ इतकं खोटं बोलतो, हे मी आजवर पाहिलं नव्हतं. पण अक्षर कसं लपेल? त्यांना सांगा, माझ्या मनात राग नाही. पंगतीत त्यांची जागा माझ्या शेजारी केलीय. सातव्या घंटेपाशी त्यांनी डावा दरवाजा घेतला की उजवा, एवढंच विचारायचंय." मी दुसऱ्यांदा कबुली दिली. त्यांनी पाठ थोपटली. तिसऱ्यांदा द्यावी, तर त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की माझी जीभ उचलली नाही. तेव्हा ताई, सोबत गेमचं यंत्र आणि 'सात घंटा'ची कॅसेट पार्सलने पाठवतो आहे. (कॅसेट मिळायला काही त्रास झाला नाही, कोणी घेतच नाही.) लग्नाला सोळा आठवडे आहेत. डावा की उजवा ते मला माहीत नाही, तूच जाऊन बघ.

तिसरा ता. क. पार्सल न घेता परत पाठवायचा विचार करू नकोस. पाठवणाऱ्याच्या जागी मी तुझंच नाव आणि पत्ता घातला आहे.